पाकिटावरची सही

आमच्या घरी पोस्टाची पेटी गुरुनाथच उघडतो. बावीस वर्षांत मी ती उघडल्याचं मला आठवत नाही. व्हिसा, टॅक्स, लेकीच्या, आन्याच्या शाळेचे कागद, सगळं माझा नवरा भरणार आणि शेवटी बोट ठेवून म्हणणार, "इथे सही कर." मी करत आले. गेली काही वर्षं तर तो बोटही ठेवत नाही, माझी सही स्वतःच ठोकून देतो. मी कधी हरकत घेतली नाही, हा माझा गाढवपणा.

अमेरिकेच्या नागरिकत्वाची परीक्षा मात्र त्याला माझ्या वतीने देता आली नाही. शंभर प्रश्न मी कणीक मळता मळता पाठ केले. शपथविधी झाला त्या हॉलबाहेर मतदार नोंदणीचं टेबल होतं. गुरुनाथ गाडी आणायला गेला तेवढ्यात मी फॉर्म भरला आणि पूर्ण नाव लिहून सावकाश सही केली. माझं पहिलं मत एप्रिलमध्ये होतं, गावच्या निवडणुकीत.

त्याच निवडणुकीत गुरुनाथ उभा राहिला. गावातल्या बागा आणि तलाव सांभाळणाऱ्या पार्क डिस्ट्रिक्टच्या बोर्डावर एक जागा होती. समोर डेब्रा, गावच्या तलावावर तीस वर्षं पोरांना पोहायला शिकवणारी बाई. आमची आन्याही तिच्याकडेच शिकली. तरी मी गुरुनाथलाच मत देणार होते. नवरा म्हणून नव्हे. बर्फाच्या दिवसांत म्हाताऱ्यांना फिरायला छपराखाली जागा हवी, हे त्याचं म्हणणं मला पटलं होतं. तसं त्याला सांगितलं नव्हतं, कारण त्याने विचारलं नव्हतं.

मार्चमध्ये आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी पुण्याला गेले. टपालाने येणारं बॅलट, म्हणजे मतपत्रिका, माझ्यासाठी ठेव, मी परत आले की भरीन, असं बजावून गेले. फोनवर रोज विचारायची. अजून आलं नाही, म्हणायचा. पुढे आईचा डोळा चिघळला, तिकीट पुढे ढकललं, आणि मी नेपरव्हिलला घरी पोचले ती निवडणूक उरकल्यावर.

मतं सारखी पडली होती, गुरुनाथला आणि डेब्राला. आठवड्याने काउंटीच्या निवडणूक कचेरीचं पत्र आलं, माझ्या नावाचं, पण अर्थातच त्याने उघडलेलं. तुमच्या बॅलटच्या पाकिटावरची सही आमच्याकडच्या सहीशी जुळत नाही, असं त्यात लिहिलं होतं. मत तुम्हीच दिलं असेल तर येऊन तसं लिहून द्या. मंगळवार शेवटचा.

बॅलट आलं होतं तर. आलं, भरलं गेलं, त्यावर माझी सहीसुद्धा झाली.

"तू नव्हतीस," तो म्हणाला. "मत वाया गेलं असतं."

मी आन्याला कॉलेजवर फोन लावला. ती म्हणाली, "मॉम, ही कॅन गो टू जेल फॉर दॅट." मला इतका संताप आला होता की जाऊ दे तुरुंगात, म्हणावंसं वाटलं. गुरुनाथ मात्र तीन दिवस माझ्यामागे लकडा लावून होता. बाकीची सगळी पाकिटं निकालात निघाली होती, फक्त माझं उरलं होतं. ते मोजलं की तो निवडून येणार, नाही मोजलं तर दोघांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकून एक उचलणार.

मंगळवारी मी गाडीत बसले. सही करायची असंच ठरवलं होतं, आन्याच्या बापाला अडकवायचं नाही म्हणून. वाटेत राहवलं नाही.

"मी तुलाच देणार होते," मी म्हणाले.

तो मोकळेपणाने हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"मग फरक काय पडला, यार?"

पुढचा रस्ताभर मी खिडकीबाहेर तोंड करून बसले. बोलले असते तर गाडीतून उतरावं लागलं असतं.

काउंटरवर एक वयस्क बाई होती. तिने दोन सह्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक माझी, शपथेच्या दिवशीची, अक्षर न् अक्षर लावलेली. दुसरी त्याने माझ्या नावाने केलेली, टॅक्सच्या कागदांवर करतो तशी, घाईची. हे मत तुम्हीच दिलंत का, तिने विचारलं.

"येस," गुरुनाथ म्हणाला.

मी त्यांना विचारतेय, ती म्हणाली. तिने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. गुरुनाथने सवयीने खालच्या रेघेवर बोट ठेवलं.

मी त्या बोटाकडे बघत राहिले. मग फॉर्म परत सरकवला आणि सही करायची नाही म्हणाले. मग हे मत मोजलं जाणार नाही, बाई म्हणाली. ठाऊक आहे, मी म्हणाले. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, पण काही विचारलं नाही.

"सुहासिनी, डोकं फिरलंय का तुझं?" तो मराठीत म्हणाला. "एका मताचा प्रश्न आहे."

"तेच तर," मी म्हणाले. "माझं एकच होतं."

टपालाने बॅलट पाठवणं बंद करायचा फॉर्म असतो का, मी बाईला विचारलं. होता. मी उभ्या उभ्याच नाव, पत्ता, जन्मतारीख भरायला घेतली. एक रकाना कळला नाही, तो बाईला विचारून भरला. गुरुनाथ शेजारी हात खिशात घालून उभा होता. सहीची रेघ आली तेव्हा ती मीच शोधली.