फाटकापर्यंतची फरशी

हिच्या पायाला भिंगरी आहे, असं माहेरचे म्हणायचे. लग्नानंतर नवऱ्यानं तिचं नावच भिंगरी पाडलं, आणि साठी उलटली तरी ते काही सुटलं नाही. गेला महिनाभर तर बाईला घटकाभर चैन नव्हती. मागच्या अंगणाला कोणती फरशी घालायची, हा एवढासा प्रश्न. पण त्यानं तिची झोप उडवली होती.

आता फरशीसाठी कुणी झोप घालवतं का? पण त्यामागचं दुखणं वेगळं होतं. नवरा कारखान्यात फोरमन, जन्मभर मशिनींमधून तरातरा चाललेला. त्याला आता कंपवात. हात थरथरतात त्याचं एवढं काही नाही, पण चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. डोकं म्हणतं चल, पाय म्हणतात नाही. अंगणातल्या उखडलेल्या सिमेंटवर असाच तो अडकला, तिनं घाईनं हात धरून ओढलं आणि तो आपटला. लेकीनं फोनवर निक्षून सांगितलं, बाबा आणखी एकदा पडले की घर बंद करायचं आणि दोघांनी माझ्याकडे नवव्या मजल्यावर राहायला यायचं.

फोरमनला ते नाव काढलेलंही खपत नसे. मागच्या फाटकाबाहेर, गल्लीपलीकडे, न्हाव्याचं दुकान. तिथल्या बाकावर बसून पेपर वाचायचा आणि जगाला शिव्या घालायच्या, यात त्याची सकाळ जायची. नवव्या मजल्यावर शिव्या घालायच्या त्या कुणाला? भिंगरी बोलून दाखवत नव्हती, पण लेकीच्या घरी जन्माची पाहुणी होऊन राहायचं तिच्याही जिवावर आलं होतं. फरशी नीट जमली तर हे घर राहणार होतं, नाही तर नाही.

मग काय, सल्ला द्यायला सगळे एका पायावर तयार. लेक म्हणे लाकडी फळ्या टाक, त्यांवर पडले तरी लागत नाही. वन्सं म्हणजे फोरमनची थोरली बहीण. त्या म्हणाल्या, खडी पसर आणि मोकळी हो. खडीत धडधाकट माणसाचा पाय मुरगळतो, हे त्यांना कोण सांगणार! भिंगरीचं डोकं पिकलं. शेवटी तिनं आपल्या मनानं ठरवलं: मोठ्या, एकरंगी, खरखरीत लाद्या, आणि सांधा कुठे दिसता कामा नये. सांधाच नसेल तर पाय अडेल कशाला? दुकानदारानं मान डोलावली, म्हणाला काकू, साय धरल्यासारखं अंगण दिसेल.

होकार देऊन घरी आली आणि पुन्हा चलबिचल. ओली झाली तर घसरेल का? उन्हात डोळ्यांवर येईल का? दुकानदाराला भंडावून सोडून तिनं रिक्षाभर नमुने आणवले. काळे, पांढरे, विटकरी, राखाडी. उखडलेलं सिमेंट तिनं आधीच काढून घेतलं होतं, त्या मातीवर पायरीपासून एका ओळीत, वीतभर अंतर सोडून मांडले. प्रत्येकावर तांब्याभर पाणी ओतलं, चपलेनं घासून बघितलं. पायरीजवळ खुर्चीत बसलेला फोरमन हा तमाशा बघत होता. तेवढ्यात लेकीचा फोन आला, म्हणून ती आत गेली.

बाहेर आली तर खुर्ची रिकामी. फोरमन अंगणाच्या मध्यावर, शेवटच्या नमुन्यावर उभा होता. काठी खुर्चीलाच टेकलेली.

ती धावली. दंड पकडला, दोन-चार शब्द सुनावले आणि त्याला घराकडे वळवून शेजारच्या मोकळ्या जमिनीवरून चालवू लागली. पाय जागच्या जागी अडकले. तिनं ओढलं, तसा तो डुगडुगला.

"सोड," फोरमन म्हणाला.

तिनं जीव मुठीत धरून हात सोडला. त्यानं मान वळवून काळ्या फरशीकडे पाहिलं, पाय उचलला आणि त्या फरशीवर ठेवला. मग पांढरीवर, मग विटकरीवर. पायरीपर्यंत गेला, वळला आणि तसाच परत आला. कुठे अडला नाही. भिंगरी बघतच राहिली.

"सपाट जमीन दिसली की पायांना सुरुवातच सापडत नाही," तो म्हणाला. "कड दिसली की ती ओलांडता येते."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मलाच आज कळलं. आणि विचारत होतीस तू दुकानदाराला."

नवऱ्याला जागच्या जागी खिळवून टाकणारी जमीन ती मोठ्या प्रेमानं त्याच्या पायाखाली अंथरायला निघाली होती. तिला रडू आलं, डोळे तिनं पदरानं पुसले आणि तिथूनच दुकानदाराला फोन लावला. साय रद्द. काळे आणि पांढरे अरुंद पट्टे हवेत, एक आड एक, थेट फाटकापर्यंत. हे शोभणार नाही, म्हणाला तो. शोभा तुझ्या घरी बघ, म्हणाली ही. गवंडी आठवड्यानं येणार असं ठरलं.

पण आठवडाभर थांबेल तो फोरमन कसला! आज किती दिवसांनी पाय चालले होते, त्याला न्हाव्याकडे आत्ता जायचं होतं. आणि शेवटच्या नमुन्यापासून फाटकापर्यंत नुसती कोरी माती. मागच्या फरश्या उचलून पुढे मांडायला ती वाकली, तर तो म्हणाला, "राहू दे, कंबर धरेल. तुझा पाय ठेव माझ्यापुढे. आडवा."

"आणि अडखळलात म्हणजे?"

"तर पडेन."

मागे तिच्या हातानं पडला होता, आता तिच्या पायात अडकून पडेल, आणि मग लेकीला सांगायला तोंड राहणार नाही. त्याला घरात न्यावं, दार लावून घ्यावं, गवंडी येईपर्यंत बाहेर पडू देऊ नये, असं तिला फार वाटलं. तो तिच्या पायाची वाट बघत उभा होता.

तिनं चप्पल काढली आणि उजवा पाय त्याच्यापुढे आडवा ठेवला. आधारासाठी पुढे गेलेला हात मागे घेतला. फोरमननं बराच वेळ त्या पायाकडे पाहिलं. मग त्याचा पाय उचलला गेला, चपलेची कड तिच्या अंगठ्याला घासली आणि पलीकडे टेकली.

"हं, दुसरा," तो म्हणाला.

तिनं दुसरा पाय पुढे ठेवला.