सारख्या मुठी

डॅन्यूबकाठच्या त्या गावात तलवारींना मुठी बसवणारं घर एकच, आणि ते विधवा वाल्बुर्गाचं. त्यामुळे पोटच्या पोराच्या द्वंद्वासाठीही दोन्ही मुठी तिलाच कराव्या लागल्या. एबरहार्ट खाटकाचा भाऊ मारला गेला होता, आळ तिच्या मुलावर, कुन्त्सवर आला होता आणि साक्षीदार कोणी नव्हता. मग न्याय तलवारीनेच व्हायचा. नियम एवढाच, की तलवारी सारख्या हव्यात.

वाल्बुर्गाने त्या सारख्याच केल्या. लबाडी केली ती मापात. कुन्त्सचा पंजा बापासारखा नाजूक, खाटकाचा फावड्याएवढा. म्हणून तिने दोन्ही मुठी आखूड घेतल्या. वर आडवी पट्टी, खाली तोल सांभाळणारा लोखंडी गोळा, आणि मधे कुन्त्सची चार बोटं मावतील एवढंच लाकूड. तळवा गोळ्यावर सरकवायची सोय राहू नये म्हणून गोळ्याच्या कडाही तिने बोचऱ्याच ठेवल्या. मग पात्याचं मागचं टोक गोळ्यातून बाहेर काढून ठोकून बसवलं. आता कानशीने घासल्याशिवाय काही सुटणार नव्हतं. आईच ती, पापपुण्याचा विचार तिने नंतरवर टाकला.

मैदानात एबरहार्टने मूठ धरून पाहिली आणि तो भडकला. "ही काय पोरीबाळींची मूठ आहे? माझी करंगळी काय कुत्र्याला घालू?"

"त्यालाही तीच आहे ना? मग गप बस," पंच म्हणाले.

वाल्बुर्गाला हायसं वाटलं. तेवढ्यात कुन्त्सला आणलं. कोठडीत त्याची मनगटं आवळून बांधली होती. दोर सोडले, पण पंजा टम्म सुजला होता. मुठीत तीन बोटं कशीबशी शिरली, करंगळी बाहेरच राहिली. खाटकाच्या मनगटात निदान जोर तरी होता. याला दुखण्याने तलवार पेलवेना.

"वाल्बुर्गाबाई, शपथ घ्या," पंच म्हणाले. "मुठी सारख्या आणि निर्दोष आहेत?"

नाही म्हणावं, तर का म्हणून विचारणार. लबाडी उघडी पडली की पोराचा गुन्हा सिद्ध आणि गळ्याला फास. हो म्हणावं, तर पोर हे असं उभं.

कुन्त्सने मुठीकडे पाहिलं, मग आईकडे. तो तिच्याच हाताखाली शिकला होता. एवढी आखूड मूठ तिने चुकून केली नसती, हे त्याला कळलं.

"बोल ना, आई," तो म्हणाला. "मूठ झकास झालीय. अगदी माझ्या मापाची."

वाल्बुर्गाने क्रूसावर हात ठेवला. "सारख्या आहेत. निर्दोष आहेत."

पंचांनी काठी उचलून सुरुवातीची खूण केली आणि एबरहार्ट पुढे सरकला.