पंख्यापुढची जागा

“अहो, पण ह्यात बसायचं कोणी?” नवसाबाईने विचारलं.

द्राक्षांच्या पॅकिंगच्या रिकाम्या शेडमध्ये तिच्या नवऱ्याने, फकिराने, लाकडी विमान बांधलं होतं. त्याच्या पंख्याच्याही पुढे एक खोका होता.

“बंदूकवाला,” फकिरा म्हणाला. “पहिल्या महायुद्धातलं इमान हे. पंख्यातून गोळ्या झाडायची युक्ती तवा सापडली नव्हती. मंग माणूसच पंख्यापुढं बसवला.”

“आन् मागच्याला हाक मारायची कशी?”

“ऐकूच जात नाय.”

“नाकावर पडलं तर?”

“इंजिन ह्याच्या अंगावर.”

“कोणाच्या डोक्यातून निघालं हे!” नवसाबाईने कपाळाला हात लावला. फकिरालाही हाच प्रश्न दोन महिने छळत होता. असलं विमान फसलं यात काही नवल नव्हतं. पण कोणीतरी ते मन लावून बांधलं होतं.

ओझरच्या विमान कारखान्यात त्याची अख्खी नोकरी सुटे भाग जोडण्यात गेली. हे विमान मी केलं, असं म्हणायची तिथे सोय नव्हती. आता नाशिकच्या एका प्रदर्शनात विमानापुढे त्याच्या नावाची पाटी लागणार होती. त्या पाटीसाठी तो अगदी अधीर झाला होता, कबूल मात्र करत नव्हता.

प्रदर्शनवाला रविराज संध्याकाळी आला. बघून खूश झाला, मग थबकला. “काका, खोक्यामागचे हे दोन लोखंडी दांडे जुन्या फोटोत नाहीत.”

“नायच. म्हणून तर लावले. पडलं तरी खोक्यातलं पोरगं वाचंल.”

“पण तेव्हा ते वाचलं नसतं, काका. लोकांना तेच दाखवायचंय. दांडे ठेवून हे नाही घेता येणार.”

फकिराला राग आला, पण बोलणं खरं होतं. त्याने पाना घेतला आणि दोन्ही दांडे स्वतःच काढले. खोका हाताखाली हलू लागला.

“न्या उद्या,” तो म्हणाला. “फक्त माझ्या नावाची पाटी नका लावू. असं काम माझ्या हातून कधी भायेर गेलं नाय.”

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. नवसाबाईने पान्याला, करवतीला, रंध्याला हळदकुंकू लावून झेंडू वाहिला. पंख सुटे केलेलं विमान न्यायला ट्रक आला होता. तिच्या हातात एक फूल उरलं. ते ती इंजिनावर ठेवील असं फकिराला वाटलं. तिने टाचा उंचावल्या आणि पंख्यापुढच्या खोक्यात, बसायच्या फळीवर ते ठेवलं.

ट्रक सुरू झाला तसा फकिरा ड्रायव्हरच्या खिडकीशी गेला.

“हळू ने रे,” तो म्हणाला. “पुढं माणूस हाय.”