फाट्यावरचं जहाज

जळकोटच्या फाट्यावर माझी चहाची टपरी हाय, आणि तिला लागून अजीजाबीची पाणपोई. बेचाळीस वर्षांमागं तिचा नवरा आयुब मालवाहू जहाजावर खलाशी होता. जहाज तुफानात बुडालं. तेवीस माणसं गेली, एकाचंबी शरीर सापडलं न्हाय. कबरच न्हाय, तर फुलं कुठं वाहायची? मग तिनं रस्त्याकडेला तीन रांजण मांडले. आयुबच्या नावानं रोज सकाळी भरायची.

परवा तिची नात मिनाज शाळेसाठी मोबाईलवर वाचत बसली होती, ते बर्फाला धडकून बुडालेलं विलायती जहाज. शंभरावर वर्षं झाली, तरी शेवटच्या दिवशी कोण काय जेवलं तेबी लिहून ठेवलंय म्हणं!

"तुझ्या आयुबदादांचं जहाज बघ की," अजीजाबी म्हणाली.

पोरीनं लई शोधलं. "काहीच न्हाय, दादी. त्या विलायती जहाजात बडे लोक होते, वाचलेल्यांनी सगळं सांगितलं. आपल्यातलं कुणी वाचलंच न्हाय."

आज सकाळी बघते तर रांजण कोरडे.

"जगाला ठाव न्हाय, धुरपता," अजीजाबी मला म्हणाली. "मी एकटीनं कुठवर भरू?"

असा राग आला मला! जगावर, त्या मोबाईलवर, आणि हिच्यावरबी. बेचाळीस वर्षांत एक खाडा न्हाय, आणि आता हे? चांगली झापणार होते, पण तिचं तोंड बघितलं आणि मलाच भरून आलं.

तेवढ्यात सिद्धलिंगची जीप आली. रोजच्यासारखा वरडला, "चला, जहाजवाले उतरा!"

रोजच ऐकतो आमी. शाळेची पोरं, बाजारच्या बाया, सगळे ह्या थांब्याला जहाजच म्हणतात. आज मीच दचकले.

"का रं सिद्धलिंगा, जहाज का म्हणतोस?"

"आता गं बया! आयुबभाईंचं जहाज बुडालं न्हवं का, मावशी? माझा बाप सांगायचा, इथलं पाणी प्यायल्याबिगर गाडी पुढं न्यायची न्हाय." मग त्याची नजर रांजणांवर गेली. "आज पाणी न्हाय व्हय?"

जीपमधली माणसं वाकून बघाय लागली. अजीजाबीनं पदर तोंडाला लावला आणि हमसून हमसून रडली. मग उठली, माझीच घागर उचलली.

"थांब रे बाबा, भरते. जाऊ नकोस."

सिद्धलिंगनं इंजिन बंद केलं. जीपवाल्यानं फाट्यावर इंजिन बंद केलेलं म्या जन्मात पहिल्यांदा बघितलं.