टिंबाआड अडकलेला नंबर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझा पंखा घरघरतो, अंगावर धूळ साचली आहे, पण काम मोठं जोखमीचं. ब्रह्मपुरीकडच्या जंगलाकाठच्या गावांना वाघाची खबर देणाऱ्या एका लहानशा संस्थेत मी बसतो. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला की फोटो माझ्याकडे येतो, आणि जवळच्या गावांत नेमलेल्या माणसांना मी मोबाईलवर निरोप धाडतो. सुरुवातीला माझं केवढं कौतुक झालं! आता माझी धूळसुद्धा कुणी पुसत नाही. असो.

प्रत्येक गावाचं माझ्याकडे एक कपाट आहे आणि त्यातल्या कप्प्यांना नावं आहेत. मागच्या हिवाळ्यात इथल्या विनोदभाऊंनी एका गावाचं कपाट नव्यानं भरलं. 'मोबाईल' लिहायचं तिथे त्यांनी 'मो.नं' लिहिलं. जन्मभर मु.पो., ता., जि. लिहून हात तसाच वळलेला! पण माझ्या लेखी दोन अक्षरांमधलं टिंब म्हणजे आत शिरायची खूण. आधी 'मो' नावाचा कप्पा उघडायचा, मग त्याच्या आत 'नं' शोधायचा. असा कप्पाच नव्हता. नंबर माझ्या पोटात आणि मी शोधतोय भलतीकडे. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तशी गत.

मोहफुलं वेचायच्या दिवसांत एका पहाटे फोटो आला. वाघीण, मागे पिल्लं. मी निरोप सोडले, पण त्या एका गावापुढे 'नंबर नाही' असं दाखवलं. मला चालवणारी संघप्रिया त्याच गावची. तिची माय ठमाबाई त्या वेळी मोहाखाली वाकून फुलं वेचत होती. वाकलेल्या माणसाला वाघ जनावर समजतो, हे इथलं लेकरूही जाणतं. भीती काय असते ते मला त्या दिवशी कळलं.

"सगळ्यायले गेला, आमच्याच गावाले काऊन नाई गेला?" संघप्रिया पडद्याकडे बघत ओरडली. तिनं स्वतःच्या फोनवरून, गावात निरोप घ्यायला नेमलेल्या लहानूभाऊंना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला.

"लहानूभाऊ, मोहाकडे वाघीण आहे! माय तिथीच आहे. डबा बडवत जा!"

"निघालोच, बाई!"

मग ती नुसती बसून राहिली आणि मी घरघरत राहिलो. मला त्याहून काही येत नव्हतं. अखेर फोन वाजला.

"आली मी घरी, पोरी," ठमाबाई म्हणाल्या. "टोपली तिथीच राह्यली."

दुपारी लहानूभाऊ माणसं घेऊन टोपली आणायला गेले. ती चुरडलेली होती आणि भोवती पंजे उमटले होते.

"नंबर तर मी भरला होता," विनोदभाऊ म्हणाले. खरंच होतं ते. संघप्रियानं कपाट उघडून दाखवलं, तेव्हा त्यांचा चेहरा पडला. दोघांनी मिळून कप्प्यांच्या नावांतली टिंबं काढली आणि पुढे कुणी तसं नाव दिलं तर मी ते घेऊच नये, अशी तजवीज केली.

मित्रांनो, माझ्यासारख्यांच्या कप्प्यांना साधी, सरळ नावं द्या. आणि मी 'नाही' म्हणालो तर लगेच विश्वास ठेवू नका, आत डोकावून बघा. माझ्या त्या 'नाही'च्या पलीकडे कुणाची तरी माय मोहाखाली वाकलेली असते.