आवळबाबाचा लेप

टायरच्या दुकानावरचा हॉल बायकांनी फुलून गेला होता. मंचावर तीन बायका पुतळ्यांसारख्या ताठ उभ्या. दंड गुळगुळीत, गळे तुळतुळीत, पोटं सपाट. त्या बसत नव्हत्या, बोलत नव्हत्या, हसत तर मुळीच नव्हत्या.

"यांच्या अंगावर कातडीच्या झोळ्या होत्या!" आवळबाबा गरजला. "डॉक्टर कातडी कापतो. मी तिला समजावतो. आणि ती माझं ऐकते!"

त्याच्या स्वतःच्या पोटाची कातडी मात्र ऐकत नसावी. सदऱ्याची बटणं तिने हैराण केली होती.

बेकरीवाली पहिल्या रांगेत होती. दोन वर्षांत तिने वजन निम्म्यावर आणलं होतं. वजन गेलं, पण कातडी मुक्काम ठोकून बसलेल्या पाहुण्यासारखी हटेना. पोटावरची घडी मांड्यांवर लोंबायची, भट्टीसमोर घामाने आतून सोलवटून निघायची. जादा कातडी काढायच्या ऑपरेशनची तारीखही ठरली होती.

"ती रद्द कर," बाबा म्हणाला. "सुरीवर भरवसा ठेवणाऱ्या अंगाला माझा हात लागत नाही."

तिने जिन्यात उभं राहूनच दवाखान्यात फोन केला.

पडद्याआड बाबाने तिच्या दंडांवर, गळ्यावर थंडगार लेप फासला आणि पंखा लावला. लेप सुकला तशी कातडी खेचली गेली, सुरकुत्या मिटल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लेपाचा वास ओळखीचा होता, पण तिने त्याला ओळख दाखवली नाही. मग पोटाची घडी वर सारून बाबाने रुंद पट्टा करकचून आवळला.

"आठवडाभर सोडायचा नाही. सोडलास तर कातडी दुप्पट लोंबेल. ताप आला तर आनंद मान. चरबीची मुळं जळतायत."

ताप आला. तिने आनंद मानला. लेप दुसऱ्याच दिवशी पोपडे होऊन गळून पडला, तेव्हा आपली श्रद्धाच कमी पडली असं समजून तिने पट्टा आणखी आवळला.

पुढे तिच्याजवळ उभं राहिलं की ताज्या पावाचा वास येईनासा झाला. दुसराच यायचा. गिऱ्हाइकं सुटे पैसे न घेता निघून जाऊ लागली.

धाकटी जाऊ शाळेत विज्ञान शिकवायची. तिने नाकाला पदर लावला.

"जाऊबाई, हे काय आहे?"

"मुळं जळतायत गं."

"जळली तर धुराचा वास येईल. हा कुजल्याचा आहे. पट्टा सोडा."

"दुप्पट लोंबेल!"

"लोंबू दे. कातडी शिवता येते. तुम्हीच गेलात तर तुम्हाला कुठून आणू?"

पट्ट्याचा शेवटचा वेढा कातडीला चिकटला होता. तो निघाला तेव्हा विज्ञानाच्या बाईंनीही तोंड फिरवलं. घडीच्या आत कातडी काळी पडली होती.

दवाखान्यात सर्जनबाईंनी जखम साफ केली. "आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर विष रक्तात गेलं असतं. खूप ताणलेली कातडी परत आखडत नाही. जादा असेल ती कापून शिवावी लागते, व्रण राहतो. पण आता आधी ही जखम भरू दे."

खाटेवर पडल्या पडल्या बेकरीवालीने अखेर त्या वासाला ओळख दिली. रोज पहाटे ती पावांना तेच तर फासत होती!

चालता येऊ लागल्यावर ती जावेला घेऊन हॉलवर गेली. मंचावर नव्या तीन पुतळ्या होत्या. बेकरीवालीने पिशवीतून वाटी आणि पाव चकाकवायचा ब्रश काढला, सगळ्यांसमोर आपल्या लोंबत्या दंडाला लेप लावला आणि बाबाच्याच पंख्यापुढे धरला. दंड गुळगुळीत झाला. हॉलभर कुजबुज उठली.

"हिलाही सिद्धी मिळाली!" कोणीतरी म्हणालं.

"सिद्धी कोंबडीला मिळाली, बायांनो! हा अंड्याचा पांढरा बलक आहे."

मंचावरच्या एका पुतळीला हसू फुटलं. फुटलं तसा तिचा गळा चर्रकन तडकला. पापुद्रे पडले, सुरकुत्या जागेवर आल्या. बाबा मागच्या दाराकडे सरकला. तिथे जाऊ उभी होती.

"बाकीचं पट्टा करतो," बेकरीवाली म्हणाली. "घडी वर ढकलतो आणि आत कुजवतो. मी कुजून पाहिलंय."

तिने साडीचा काठ बाजूला करून जखमेवरच्या पट्टीची कड दाखवली. हसणं थांबलं. तीन-चार बायकांचे हात नकळत आपापल्या पट्ट्यांकडे गेले.

"सोडा ते," ती हळूच म्हणाली. "आणि ज्या चमत्कारापुढे हसायची बंदी असते, तिथे आधी हसून बघा."