दोन मणांचा भारा

चंद्राबाई उतेकर उभ्या राहिल्या की त्यांचे डोके दुखू लागे. आडव्या झाल्या की थांबे.

आत्ताही महाडच्या चवदार तळ्याजवळच्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर, त्या पदर तोंडावर ओढून सरळ आडव्या पडल्या होत्या. ज्यांनी त्या बाकावर बसायचे ते तिघे रोगी भिंतीला टेकून उभे होते. चंद्राबाईंची धाकटी जाऊ मंजुळा त्यांच्या पायांशी उरलेल्या वीतभर जागेत अवघडून बसली होती.

"आक्का, पाय आखड जरा. लोक बघतायत."

"बघू देत," पदराखालून आवाज आला. "पंचवीस वर्सं तू लोळलीस, ती मी बघितली."

नाव पुकारल्यावर चंद्राबाई उठल्या, झपाझप आत गेल्या आणि तपासणीच्या टेबलावर पुन्हा आडव्या झाल्या. डॉक्टर अनुपमा यांनी रक्तदाब पाहिला, डोळ्यांत बॅटरीचा प्रकाश टाकला, मान हलवून पाहिली, गुडघ्यांवर रबरी हातोडी मारली. सगळे जागच्या जागी होते.

"आत्ता दुखतंय?"

"आता नाय."

ही तिसरी भेट होती आणि तिन्ही वेळा हेच उत्तर मिळाले होते.

दुखणे गणपतीपासूनचे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला उतेकरांची वाडी आहे. तिथे लावणीला पहिली आणि कापणीला शेवटची अशी चंद्राबाईंची ख्याती होती. दिवसा आडवा झालेला माणूस त्यांच्या मते एकतर मेलेला असे, नाहीतर मंजुळा. यंदाची कापणी मात्र त्यांनी पडवीत पडल्या पडल्या हुकूम सोडून केली, आणि विळा घेऊन पुढे मंजुळा होती. इतकी वर्षे त्यांचे टोमणे खाल्लेल्या वाडीने ही संधी सोडली नाही. येणारा-जाणारा पडवीपाशी थांबून हात जोडी आणि "शेषशायी काय म्हणतात?" असे विचारी.

मुंबईहून रजा टाकून आलेल्या त्यांच्या मुलाने, सुनीलने, टेबलावर एक मोठे पाकीट ठेवले.

"मॅडम, सीटी स्कॅन एकदम नॉर्मल. टेन्शनचं कायच कारण नाय, बोलले."

चंद्राबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवले.

"चांगली बातमी आहे ही," डॉक्टर म्हणाल्या.

"चांगली कसली? काय सापडलंच नाय, म्हंजे मी ढोंग करते. वाडी तरी दुसरं काय बोलते?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "काय पण सापडवा, डाक्तरीनबाई. बारीकसं असलं तरी चालेल."

प्रकृती ठीक असल्याचे ऐकून खचलेला रोगी अनुपमांनी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी मागच्या नोंदी चाळल्या. पहिल्या भेटीत चष्म्याचा संशय, दुसऱ्या भेटीत अर्धशिशीचा. आता तिसऱ्या जागी 'मानसिक ताण' लिहिण्यासाठी पेन उचलले होतेच. औषधांचा गुण आला नव्हता. विश्रांतीचा मात्र शंभर टक्के आला होता, आणि कोणत्याही उपायाचा इतका गुण येत नाही, हे खरे तर त्यांना आधीच खटकायला हवे होते.

"आज इथपर्यंत कशा आलात?"

"यष्टीनं."

"बसून?"

"बसून कुठली!" मंजुळा म्हणाली. "पोलादपूरपासनं मागच्या बाकड्यावर आडवी. कंडक्टर बोलला, आजी, येवढ्या जागेचं तिकीट वायलं काढा."

"बाहेर बाकावरही आडव्या. इथे टेबलावर आडव्या. आणि स्कॅनच्या वेळी?"

"तिथं पण झोपवल्यानीच," चंद्राबाई म्हणाल्या.

अनुपमांनी पेन खाली ठेवले. दुखणे चालू असताना या बाईंना अजून एकाही डॉक्टरने पाहिले नव्हते.

"उठा. त्या वजनकाट्यापाशी उभ्या राहा. भिंतीला टेकायचं नाही."

"टेकायला मी काय मंजुळा हाय?"

मग डॉक्टरांनी पुढचे रोगी बोलावले. पहिला रोगी खोकत होता. चंद्राबाईंनी उभ्या उभ्या त्याला अडुळशाचा काढा सांगितला. दुसऱ्या रोग्याच्या वेळी त्या गप्प होत्या. तिसऱ्याची नाडी डॉक्टरांच्या हातात असतानाच चंद्राबाईंचा तळहात मानेमागे गेला, डोळे मिटले, ओठ पांढरे पडले. त्यांना आडवे केले. तिसऱ्या रोग्याची चिठ्ठी लिहून होईपर्यंत त्या पुन्हा मंजुळेला काहीतरी सुनावत होत्या.

"आता परत उभ्या राहा."

"परत? जीव घेता काय?"

"एकदा झालं तर तो योगायोग असू शकतो."

दुसऱ्यांदाही तसेच झाले. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. रोगी विव्हळत असताना तो शोभत नाही हे जाणवून त्यांनी तो आवरता घेतला.

"हे ढोंग नाही," त्या म्हणाल्या. "मेंदू पाण्यात तरंगत असतो. त्या पाण्याची पिशवी पाठीच्या कण्यातून खालपर्यंत उतरते. पिशवीला कुठे बारीक भोक पडलं, तर पाणी झिरपून कमी होतं. मग माणूस उभा राहिला की मेंदू खाली ओढला जातो आणि डोकं दुखतं. आडवं झालं की ताण जातो. अशी शंका आहे, अजून खात्री नाही. सीटी स्कॅनमध्ये हे बहुधा दिसत नाही. एमआरआय करू, शिरेतून औषध देऊन."

चंद्राबाई छताकडे बघत विचार करत होत्या.

"म्हंजे खेकड्यानं बांध पोखरलान," त्या म्हणाल्या. "वरनं बांध धड, आणि सकाळी बघावं तर खाचरात पाणी नाय."

"तसंच."

"आक्काच्या पाठीत खेकडा!" मंजुळा पदर तोंडाला लावून हसू लागली.

"भोक कशानं पडलं असेल? गणपतीच्या दिवसांत कुठे पडलात?"

"पडायला काय झालं? भारा उचललेला, गवताचा. त्यानंच."

मंजुळेचे हसू थांबले. ती भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बारकाईने पाहू लागली. तिला वाचता येत नव्हते.

मुंबईला एमआरआय झाला. मेंदूभोवतीची आवरणे चित्रात चकाकत होती आणि मेंदू थोडा खाली बसलेला होता. परदेशी नियतकालिकांत अशी चित्रे गेली काही वर्षे छापून येत होती; महाडमधल्या रोग्याचे चित्र अनुपमा प्रथमच पाहत होत्या. आणखी एका तपासणीत गळतीची जागा सापडली, पाठीच्या मध्यावर. तिथल्या डॉक्टरांनी चंद्राबाईंच्याच दंडातले थोडे रक्त काढून कण्यात, त्या पिशवीच्या बाहेरच्या अंगाला, सुईने सोडले. ते गोठले आणि भोक बुजले.

"लीकेज बंद, मॅडम," सुनीलने फोनवर कळवले. "आई वॉर्डातल्या बायांना उठवत फिरते. बोलते, दिवसाढवळ्या काय पडून राहिल्यात."

जानेवारीत दोघी जावा वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन दवाखान्यात आल्या. बाक रिकामा होता, तरी चंद्राबाई बसल्या नाहीत. वाडीत आता त्यांचा दरारा पूर्वीपेक्षा वाढला होता. शेषशायी म्हणणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी पडवीत बोलावून, फिल्म उन्हाला धरून, स्वतःचा मेंदू दाखवला होता.

"तुमची हकीकत मी इथल्या डॉक्टरांच्या बैठकीत सांगणार आहे," अनुपमा म्हणाल्या. "एकच गोष्ट राहिली आहे, कारण. तुम्ही जन्मभर भारे उचललेत. याच भाऱ्यानं असं का व्हावं? किती वजनाचा होता?"

चंद्राबाईंनी शेजारी उभ्या असलेल्या मंजुळेवर वरपासून खालपर्यंत एक नजर टाकली.

"असेल दोन मण."

"दोन मण?" मंजुळा उसळली. "मी काय दोन मणाची हाय?"

चंद्राबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"सांगा," डॉक्टर मंजुळेला म्हणाल्या.

"सांग गो आता," चंद्राबाई बाहेर बघतच पुटपुटल्या. "येवढं सांडलंस ते पुरं कर."

"गौरीचं जागरण व्हतं," मंजुळा म्हणाली. "पोरी फुगड्या घालत व्हत्या. आक्का खेळत नाय कधी, बसून नावं ठेवते. त्या दिवशी ठेवता ठेवता उठलीच. बोलली, मेल्यांनो, तुमाला फिरायचा पण आळस! आणि माजे हात धरलान. काय फिरली, डाक्तरीनबाई! पोरी मोजायच्या थांबल्या. मग हात सुटला नि आक्का धपकन खाली. उठली, लुगडं झाडलान, नि माज्या कानात बोलली, सकाळी कोन काय इचारलं तर भारा."

"आणि तुम्ही चार महिने कोणाला बोलला नाहीत? तुम्हाला तर त्या इतकं…"

"आळशी म्हणते. म्हणू दे." मंजुळेने पिशवीतल्या शेंगा उगाच सारख्या केल्या. "पडल्यावर पण हसत व्हती ती. लग्न होऊन आल्यापासनं मी तिला तशी बघितली नव्हती. ती वाडीच्या तोंडी कशाला देऊ?"

चंद्राबाईंनी नाक ओढले.

"हात हिनंच सोडलान," त्या म्हणाल्या.

"मी नाय सोडला. घाम व्हता."

"ते आता सिद्ध करता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचे टोपण काढले.

"भारा लिवा, डाक्तरीनबाई. वाडीत भाराच ठरलाय."

"वाडीत भाराच राहू दे. हा कागद वाडी वाचणार नाही."

चंद्राबाईंनी पहिल्यांदाच स्टूल पुढे ओढले, त्यावर बसल्या आणि मंजुळेला शेजारी जागा करून दिली. अनुपमांनी मोकळ्या ओळीवर स्वच्छ अक्षरांत लिहिले:

कारण: फुगडी खेळताना हात सुटून पार्श्वभागावर पडणे.